विकिपीडियावर बार्नस्टार कसा द्यावा

तुमचे विकिपीडियावर खाते आहे, थोडेफार संपादन केले आहे आणि चर्चापान म्हणजे काय ते ठाऊक आहे, असे धरून चालते. बार्नस्टार म्हणजे एका स्वयंसेवकाने दुसऱ्याच्या चर्चापानावर लावलेली शाबासकीची तारका. अमेरिकेत खेड्यांतल्या कोठारांच्या भिंतींवर पाच टोकांचा धातूचा तारा लावतात, त्यावरून हे नाव पडले. २००३ मध्ये ही पद्धत विकिपीडियावर आली. समिती नाही, अर्ज नाही, पैसा नाही. कोणीही कोणालाही तारका देऊ शकतो, त्यासाठी प्रचालक, म्हणजे पाने वगळण्याचे वगैरे जादा अधिकार असलेला सदस्य, असावे लागत नाही.

‘दिसेल त्याला तारका द्या, उत्साह वाढतो’ हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. तो आधी डोक्यातून काढून टाका. कार्यशाळा संपल्यावर हजर असलेल्या प्रत्येकाच्या पानावर एकच मजकूर चिकटवलेला मी पाहिला आहे. जिने दिवसभर बसून संदर्भ तपासले तिला आणि ज्याने स्वतःच्या सदस्यपानावर नुसता फोटो चढवला त्यालाही, दोघांना तीच तारका. आपले काम कोणी वाचले, हे त्या मुलीला त्यातून कसे कळावे?

तेव्हा सुरुवात काम शोधण्यापासून. ‘अलीकडील बदल’ उघडा, सांगकाम्यांची, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामांची, संपादने गाळा आणि तुम्हाला ज्यातले कळते त्या विषयाचे लेख पाहा. संपादनांच्या आकड्यावर जाऊ नका. वर्ग बदलून आणि मोकळ्या जागा काढूनही हजारोंचा आकडा जमतो. लेखाच्या इतिहासात जाऊन दोन आवृत्त्यांमधला फरक वाचा. नुसता लेख वाचून कोणी काय केले ते कळत नाही.

आपल्या गोव्याचेच घ्या. इंग्रजीवरून घाईत केलेल्या भाषांतरात साखळीचे ‘सँक्वेलिम’ होते, डिचोलीचे ‘बिचोलिम’ आणि केप्याचे ‘क्वेपेम’. कोणी एकजण येतो, ही नावे एकेक करून सुधारतो आणि चुकीच्या नावावरून बरोबर लेखाकडे जाणारे पुनर्निर्देशनही ठेवतो, म्हणजे जुने दुवे तुटत नाहीत. लेखाची लांबी जराही वाढत नाही, त्यामुळे कोणाचे लक्षही जात नाही. माझ्या मते तारकेचा पहिला मान अशा कामाचा. चार परिच्छेद उतरवून काढणाऱ्याचा नंतर.

आता मजकूर. सगळे अडते ते इथे, आणि सुरुवातीला मलाही हेच सर्वांत जड जायचे. तारकेचे चित्र लावणे सोपे, पण त्याखाली काय लिहायचे? हात आपोआप ‘आपल्या मोलाच्या योगदानाबद्दल हार्दिक अभिनंदन’ असे लिहून मोकळा होतो. हे वाक्य पुसा. ते कोणालाही लागू पडते, म्हणून ते कोणाचेच नाही. वाढदिवसाच्या फ्लेक्सवरच्या शुभेच्छांइतकेच त्याला वजन.

त्याऐवजी तीन गोष्टी लिहा: कुठला लेख, नेमका कुठला बदल आणि त्याने वाचणाऱ्याचे काय सोपे झाले. उदाहरणार्थ: ‘सत्तरी आणि डिचोलीतल्या गावांची नावे तुम्ही स्थानिक रूपात आणलीत आणि पुनर्निर्देशने ठेवलीत, त्यामुळे एकही दुवा तुटला नाही. जनमत कौलाच्या लेखात १६ जानेवारी १९६७ या तारखेला संदर्भ नव्हता, तो तुम्ही शोधून जोडलात. आता विद्यार्थ्यांना हा लेख बिनधास्त दाखवता येईल.’ एवढे पुरे. त्या बदलाचा दुवाही मजकुरात घाला. दुवा देता येत नसेल तर तुम्ही काम नीट पाहिलेले नाही, असे खुशाल समजा आणि परत इतिहासात जा.

विशेषणे टाळा. ‘अप्रतिम’, ‘अतुलनीय’ लिहिलेत की पुढच्या वेळी काय लिहिणार? आणि कौतुकाच्या शेपटीला काम बांधू नका. ‘छान काम, आता सांगे तालुक्याचेही लेख घ्या ना’ असे लिहिले की ती तारका राहत नाही, उचल होते. सूचना असेल तर दुसऱ्या दिवशी, वेगळ्या शीर्षकाखाली. चूक दाखवायची असेल तर ती लेखाच्या चर्चापानावर. तारकेखाली ‘पण’ हा शब्द येताच कामा नये.

वेळही सांभाळा. एखाद्या लेखावरून वाद पेटला असेल, किंवा त्या सदस्याच्या प्रचालकपदासाठी कौल चालू असेल, तर थांबा. त्या दिवसांत दिलेली तारका म्हणजे मत दिल्यासारखे होते.

कोणाला द्यावी, यावर माझे मत पक्के आहे: ज्याच्या पानावर एकही नाही त्याला आधी. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात इंग्रजी विकिपीडियावरच्या सर्वाधिक काम करणाऱ्या एक टक्का संपादकांतून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे काहीजण निवडून त्यांना तारका दिल्या. न मिळालेल्यांच्या तुलनेत त्यांचे काम ६० टक्क्यांनी जास्त भरले. जर्मन विकिपीडियावर नव्या संपादकांना निव्वळ मानाचा पुरस्कार देऊन पाहिला, तेव्हा टिकून राहणाऱ्यांचे प्रमाण २० टक्क्यांनी वाढले. हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे, पण नेमाने लिहिणारे हात आजही थोडेच. त्यातला एक नवा माणूस टिकला तरी फरक पडतो. जुन्याजाणत्या मंडळींनी एकमेकांनाच तारका देत बसणे मला मुळीच पटत नाही.

लावण्याचे काम मिनिटाचे. सदस्याच्या चर्चापानावर नवा विषय उघडा, तारकेचा साचा (चित्र आणि चौकट आयती देणारा तयार नमुना) टाका, मजकूर लिहा, चार ~ चिन्हांनी सही करा, जतन करा. इंग्रजी विकिपीडियावर चर्चापानाच्या वरच्या पट्टीत हृदयाचे चिन्ह असते, ते दाबले की साचा आयता मिळतो.

प्रत्येक चांगल्या बदलाला तारका लागत नाही. एखादी वेलांटी सुधारली, तांबडी सुर्ल्याच्या देवळाचा जरा बरा फोटो लावला, तर इतिहासातल्या त्या नोंदीशेजारचा ‘धन्यवाद’चा दुवा दाबा, काम झाले. पण कोणी त्याच देवळाचे चारी बाजूंनी फोटो काढून, प्रत्येकाखाली नीट वर्णन लिहून ते मुक्त परवान्याखाली कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामाईक चित्रसंग्रहात, चढवले असतील, तर नुसत्या धन्यवादावर भागवू नका.

गोव्यात एक गोष्ट जास्तीची पाहावी लागते, ती लिपीची. २०१५ मध्ये स्वतंत्र झालेल्या कोंकणी विकिपीडियावर देवनागरीतही लिहितात, रोमीत म्हणजे रोमन लिपीतही. आपल्यापैकी अनेकजण दोन्हीकडे वावरतात. रोमी लिपीत लिहिणाऱ्याला तारका देणार असाल तर मजकूर रोमीतच लिहा. जमत नसेल तर जमणाऱ्याला शेजारी बसवून लिहून घ्या, पण त्याच्या पानावर देवनागरी चिकटवून येऊ नका.