संक्रांतीनंतरचे परडे : उन्हाळी भाजीसाठी वाफे कसे तयार करावेत

बेळगाव-खानापूर भागात उन्हाळी भाजीला मिळणारा काळ मोजकाच असतो. शिवरात्रीपर्यंत रात्रीचा गारठा हटत नाही आणि एप्रिलच्या उत्तरार्धात वळीव कधी येऊन वेल झोडपून जाईल, याचा नेम नसतो. या मधल्या दोन-अडीच महिन्यांत भेंडी, काकडी, गवार, दोडका हाती लागायचे असतील, तर जमिनीचे काम संक्रांत होताच सुरू करावे. बी टाकण्याची घाई मात्र करू नये.

आधी जागा ठरवावी. थंडीत सूर्य दक्षिणेकडून तिरपा जातो, त्यामुळे घराच्या उत्तरेकडचे परडे बराच वेळ सावलीत असते आणि ते निरुपयोगी वाटते. पुढे सूर्य दिवसेंदिवस वर सरकतो आणि मेच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी बेळगावच्या नेमका डोक्यावर येतो. म्हणून जानेवारीतली सावली पाहून एखादा कोपरा बाद करू नये. फळभाजीला रोज किमान सहा तास ऊन लागते. पालेभाजी मात्र पूर्वेकडे, दुपारी सावली येईल अशा ठिकाणी घ्यावी, कारण पश्चिमेची तापलेली भिंत कोथिंबिरीला आठ दिवसांत फुलावर आणते.

माती ओळखण्यासाठी वीतभर खोलीवरची मूठभर माती घेऊन ती थोडी ओली करावी आणि बोटांत वळून पाहावी. वळकटी न होता ती फुटली आणि बोटांना तांबूस रंग तेवढा राहिला, तर ती बेळगाव-खानापूरकडची लाल माती समजावी. तिच्यातून पाणी लवकर निघून जाते आणि खताचा अंशही कमी असतो. लांब, चिकट वळकटी होत असेल, तर ती चिकोडी-अथणीकडे आढळते तशी काळी माती होय. लाल मातीत कुदळ केव्हाही चालते. काळी माती ओली असताना खणली, तर तिची ढेकळे विटेसारखी वाळतात आणि पुढे महिनाभर फुटत नाहीत. म्हणून वाफसा येईपर्यंत, म्हणजे माती चिकटणार नाही इतपत सुकून नुसती दमट राहीपर्यंत, थांबण्याला पर्याय नाही.

जानेवारीच्या अखेरीस फूटभर खोल खणून ढेकळे आठ-दहा दिवस उन्हात तशीच पडू द्यावीत. उघड्या पडलेल्या अळ्या आणि कोष वेचायला साळुंक्या येतात, त्यांना हुसकावू नये. या दिवसांत हरळीची मुळे आणि लव्हाळ्याच्या गाठी हाताने वेचून काढाव्यात. लव्हाळा नुसता उपटला, तर पात हातात येते आणि हरभऱ्याएवढी काळसर गाठ खालीच राहते. त्या गाठीतून पुन्हा कोंब फुटतो. अशा गाठी खताच्या खड्ड्यात न टाकता वाळवून जाळून टाकणे उत्तम.

खताच्या बाबतीत मी एकदा चांगलाच फसलो आहे. एका वर्षी घाईत ताजे शेण वाफ्यात मिसळले आणि लगेच काकडी टोकली. रोपे चार पानांवर येऊन पिवळी पडली. खुरप्याने मुळाशी उकरले, तेव्हा पांढऱ्या, अर्धचंद्रासारख्या वळलेल्या हुमणीच्या अळ्या निघाल्या. तेव्हापासून काळे, भुसभुशीत, शेणाचा वास नसलेले खतच मी वापरतो. चौरस मीटरला चार-पाच किलो शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात वरच्या वीतभर थरात मिसळावी. चुलीची राख लाल मातीला मूठ-दोन मूठ चालते, काळ्या मातीला ती देऊ नये.

वाफे पावसाळ्यासारखे उंच करू नयेत. उन्हाळ्यात लाल मातीतला वाफा जमिनीच्या पातळीपेक्षा तीन-चार इंच खाली ठेवावा, म्हणजे दिलेले पाणी मुळाशी थांबते. काळ्या मातीत सरी-वरंबा, म्हणजे पाण्याची चर आणि तिच्या बाजूचा मातीचा उंचवटा, सोयीचा ठरतो. दोन्ही ठिकाणी एका कोपऱ्यात पाणी बाहेर काढण्यासाठी वाट आखून ती मातीने बुजवून ठेवावी. वळवाच्या दिवशी तेवढीच फोडली की काम भागते.

टोमॅटो, मिरची आणि वांग्याचे बी जानेवारीअखेर कुंडीत किंवा ट्रेमध्ये टाकून रोपे महिनाभराने लावावीत. शिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, असे आपल्याकडे म्हणतात. भेंडी, गवार आणि वेलवर्गीय भाज्यांच्या बियांना उगवायला माती उबदार लागत असल्याने तोच मुहूर्त धरावा. शिवरात्र लवकर आली आणि पहाटे गारठा उरला, तर आणखी आठवडाभर थांबावे. भेंडीचे बी रात्रभर पाण्यात भिजवून फूटभर अंतरावर टोकावे. काकडी, दोडका, कारले यांसाठी हातभर रुंद आळी करून प्रत्येकात दोन-तीन बिया टाकाव्यात आणि पुढे जोमदार रोप तेवढे ठेवावे. या हिशेबाने तांदळी महिन्याभरात खुडायला येते आणि भेंडी साधारण दीड महिन्यात, म्हणजे वळवाच्या आधी.

रोपे बोटभर झाली की भाताचे पिंजर किंवा उसाचे पाचट दोन-तीन इंच पसरावे, पण खोडाला चिकटू देऊ नये. पाणी सकाळी द्यावे. नळाला रोज पाणी येत नसेल, तर तांदूळ-भाजी धुतलेले पाणी साठवून आळ्यांना घालावे; साबणाचे पाणी नको.

मांडव वेल चढण्याआधीच उभा करून बांबू दीड-दोन फूट गाडावेत, कारण वळवाचा वारा फळांनी लगडलेला मांडव सहज आडवा करतो. पाऊस येऊन गेल्यावर कोपऱ्यातली वाट फोडून साचलेले पाणी काढावे, गारांनी फाटलेली पाने छाटावीत आणि वरची माती आवळली असेल, तर वाफसा येताच मुळे न दुखावता खुरप्याने हलकेच मोकळी करावी.