मातीच्या जमिनीत गरम पाण्याचे पाइप कसे बसवावेत

पायाखालची जमीन उबदार ठेवण्यासाठी पाइप अंथरणं हे यातलं सोपं काम. कस लागतो तो माती वाळेपर्यंत धीर धरताना. शिवाय एकदा माती पडली की खालची चूक जमीन फोडल्याशिवाय निस्तरत नाही.

आधी तळ. भुसभुशीत माती काढून टाका, धुमसाने चोपा आणि वर १५० मिमी धुतलेली खडी पसरा. खडीत चुरी राहिली तर ओल तिच्यातून वर चढते. खडीची टोकं टोचू नयेत म्हणून वाळूचा पातळ थर, त्यावर जाड प्लास्टिक. मग उष्णता खाली जाऊ न देणारे, दाब सोसणारे एक्सपीएस (घट्ट फोमचे) बोर्ड, निदान ५० मिमी जाडीचे. कडाक्याची थंडी असेल तर १००. भिंतीच्या कडेनेही उभी पट्टी लावा, नाहीतर उष्णता भिंतीतून बाहेर जाते.

पाइप १६ मिमीचा पेक्स (गरम पाण्यासाठीचा लवचिक प्लास्टिक पाइप) घ्या, ऑक्सिजन रोखणारा थर असलेला. साध्या पाइपातून हवेतला ऑक्सिजन आत झिरपतो आणि पंप, बॉयलर गंजतात. दोन ओळींत १५० मिमी अंतर ठेवलं तर चौरस मीटरला साधारण ७ मीटर पाइप लागतो. पाइपाचा एक सलग फेरा ८० ते १०० मीटरपेक्षा लांब नको. म्हणजे २० चौरस मीटरच्या खोलीला दोन फेरे. मॅनिफोल्ड म्हणजे सगळ्या फेऱ्यांना पाणी वाटणारी आणि परत घेणारी जोडनळी; प्रत्येक फेरा मॅनिफोल्डपासून मॅनिफोल्डपर्यंत अखंड हवा, जमिनीत जोड अजिबात नको. गुंडाळी जमिनीवर गडगडवत उलगडा; स्प्रिंगसारखी ओढली की पाइपाला पीळ बसतो. वळणाची त्रिज्या ८० मिमीपेक्षा कमी झाली तर पाइप मुरडतो, म्हणून १५० मिमीच्या अंतरात वळण थोडं फुगवून, बल्बच्या आकाराचं घ्यावं लागतं. क्लिपा अर्ध्या मीटरवर, वळणावर जवळजवळ.

पाणी भरा, हवा काढा, ६ बार दाब देऊन २४ तास ठेवा. पेक्स ताणला जातो, त्यामुळे सुरुवातीला दाबमापकाचा काटा थोडा उतरतो. पुन्हा दाब भरून बघा. माती घालतानाही पाइपात दाब राहू द्या. फावड्याने पाइप कापला तर काटा लगेच खाली येतो आणि जागा सापडते.

मातीचं मिश्रण तुमच्याच मातीवर ठरतं. एक भाग चिकणमातीला तीन भाग खरबरीत वाळू आणि बारीक कापलेला पेंढा, इथून सुरुवात करा. प्रमाण बदलत चार-पाच फरश्या थापून वाळवा. भेगा पडल्या तर वाळू वाढवा, बोटाने भुगा सुटला तर चिकणमाती. मिश्रण घट्टसरच कालवा, कारण जितकं पाणी जास्त तितक्या भेगा जास्त. थर ८० ते १०० मिमीचा, पाइपावर निदान ४० मिमी माती.

आता थांबा. वाळायला काही आठवडे लागतात, दमट हवेत महिनेही. लवकर वाळावी म्हणून गरम पाणी सोडण्याचा मोह होतो, पण घाईने पाणी उडालं की नेमकी पाइपाच्या रेषेवर फट पडते. पूर्ण वाळल्यावर २० ते २५ अंश सेल्सियसच्या पाण्यापासून सुरुवात करून रोज दोन-तीन अंश वाढवा. नेहमीच्या वापरात ३५ ते ४० अंश पुरतात. त्यासाठी गरम पाण्यात थंड पाणी मिसळणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवा.

या तापवण्यात उघडलेल्या भेगा बुजवून वरचा १५ मिमीचा बारीक थर द्या. तोही पूर्ण वाळला की उष्णता बंद ठेवून जवसाच्या उकळलेल्या तेलाचे चार-पाच हात. ओलीवर तेल मारलं तर पाणी आत कोंडतं आणि पापुद्रे सुटतात. तेलाची फडकी गोळा करून ठेवू नका, ती आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवा किंवा बाहेर पसरून वाळवा.