पगारात चुकून जास्त पैसे गेले तर

महिना 30,000 पगार, चार दिवस बिनपगारी रजा, पण रजेची नोंद पगारपत्रकात चढलीच नाही. 30 दिवसांच्या हिशोबाने 4,000 रुपये जास्त गेले. अशा वेळी पुढच्या पगारातून गुपचूप कापून मोकळं होऊ नका. भांडणं चुकीवरून कमी, न सांगता कापण्यावरून जास्त होतात.

आधी कर्मचाऱ्याला ईमेल किंवा पत्र द्या: कोणता महिना, काय द्यायला हवं होतं, काय दिलं, फरक किती. हप्ते विचारून ठरवा आणि लेखी संमती घ्या. इथे 2,000 चे दोन हप्ते सहज जमतात. जास्त दिलेलं वेतन वळतं करून घ्यायला कायद्याने मुभा आहे, पण एका वेतनकाळातली एकूण कपात साधारणपणे पगाराच्या निम्म्यावर जाता कामा नये. पगारचिठ्ठीत ही रक्कम वेगळ्या ओळीत दाखवा, ‘इतर कपात’मध्ये कोंबू नका.

वसुली शक्यतो 31 मार्चच्या आत उरका. त्याच आर्थिक वर्षात टीडीएस (पगारातून कापला जाणारा आयकर) पुढच्या महिन्यांत जुळवता येतो. नंतर टीडीएसचं विवरणपत्र आणि कर्मचाऱ्याला दिलेलं टीडीएस प्रमाणपत्र दुरुस्त करत बसावं लागतं. पीएफचा हिशोबही तपासा.

सरकारी नोकरीत गोष्ट वेगळी. रफिक मसीह प्रकरणात (2014) सर्वोच्च न्यायालयाने गट क आणि ड कर्मचारी, निवृत्त किंवा वर्षभरात निवृत्त होणारे यांच्याकडून अशी वसुली सर्वसाधारणपणे नाकारली आहे. मात्र जास्त गेलेली रक्कम परत करीन असं हमीपत्र कर्मचाऱ्याने आधी दिलं असेल तर हा बचाव टिकेलच असं नाही.