कसुतीचा सॅम्पलर भरायला घेताय? आधी परतीचा रस्ता ठरवा

सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडच्या लोकांना कसुती, म्हणजे सुतं मोजून साडीवर करतात ते कर्नाटकातलं भरतकाम, काही नवीन नाही. इरकल साड्या आपल्याकडे घरोघरी आहेत आणि धारवाड, विजापूर, बेळगाव हा सगळा पट्टा १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच होता. पदरावरचं गोपुर, रथ, पालखी, तुळशीवृंदावन, अंबारीचा हत्ती हे सगळं बघून बघून ओळखीचं झालेलं असतं. पण भरायला बसायची वेळ आली की बहुतेकजणी एकदम साडीच हातात घेतात, तीही काळी, आणि दुसऱ्या मोराला हात टेकून साडी कपाटात. म्हणून म्हणते आधी सॅम्पलर करा. सॅम्पलर म्हणजे एका लांबट कापडावर पट्टे पट्टे करत एकेक टाका आणि एकेक नमुना भरून ठेवायचा, पुढे साडीवर काही भरायचं असेल तर त्यातनं बघून मोजता येतं. छापील नमुने सहज मिळत नव्हते तेव्हा युरोपातल्या बायका पण हेच करायच्या, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये जेन बॉस्टॉक नावाच्या बाईचा १५९८ सालचा सॅम्पलर आहे, त्यावर नाव आणि साल दोन्ही भरलेलं आहे.

कसुतीत टाके चारच. गवंती, मुर्गी, नेगी आणि मेंथी. गवंती म्हणजे आपला धावदोराच, फक्त जाऊन परत यायचं, म्हणजे जाताना सोडलेल्या जागा येताना भरतात. मुर्गी त्याच पद्धतीने पण जिन्याच्या पायऱ्यांसारखी चढत-उतरत जाते. हे दोन टाके नीट घातले तर कापडाची सुलटी कुठली आणि उलटी कुठली ते सांगता येत नाही, खरी गंमत ह्यातच आहे आणि खरा वैतागही ह्यातच. नेगीत लांब-आखूड धावदोरे शेजारी शेजारी घालून विणल्यासारखं दिसतं, मेंथी म्हणजे साधा क्रॉस स्टिच, मोठी जागा भरायला. ह्या दोघांची मागची बाजू वेगळी दिसते, दिसू दे.

सामान फार नाही. मॅटीचं कापड घ्या, १४ काउंटचं, म्हणजे एका इंचात १४ चौकोन. छोट्या दुकानात बऱ्याचदा ११ काउंटच असतं, ते पण चालतं, नमुना मोठा दिसेल इतकंच, पण खालचा हिशोब तेवढा बदलून घ्या. रंग पांढरा किंवा मोतिया घ्या, काळं कापड पहिल्या खेपेला अजिबात नको, कितीही मोह झाला तरी. दोरा अँकरचा किंवा डीएमसीचा, सहा पदरी लडी ८ मीटरची येते, त्यातले दोन पदर वेगळे काढून भरायचं, गवंतीची एकदम नाजूक रेघ हवी असेल तर एकच. तांबडा, केशरी, हिरवा, जांभळा हे कसुतीचे नेहमीचे रंग, पण सॅम्पलरला तीन रंग पुष्कळ झाले. सुई बोथट टोकाची, २४ नंबरची, टोकदार सुई आधीच्या दोऱ्यातनं आरपार जाते आणि मग उसवताना रडवते. रिंग लाकडाची, कापड ताठ धरेल अशी. एक आलेख वही आणि पेन्सिल. पुण्यात असाल तर तुळशीबागेत एका फेरीत सगळं होतं (मॅटी घ्यायला गेलात की इतर काय काय घेऊन याल ते मी सांगायला नको).

आता माप. हे गणित कंटाळवाणं आहे पण टाळू नका, कारण अर्धा सॅम्पलर भरून झाल्यावर शेवटचा मोर कापडाबाहेर जातोय हे कळणं ह्याच्यासारखा मनस्ताप नाही. रुंदी ११२ चौकोन धरा, १४ ने भागलं की ८ इंच. उंची २२४ चौकोन, म्हणजे १६ इंच. चारी बाजूंनी ३-३ इंच मोकळं सोडायचं, म्हणून कापड १४ बाय २२ इंच. ११२ च का, तर कसुतीचे छोटे पट्टे ८ चौकोनांच्या नमुन्यात सहज बसवता येतात आणि ८ चे बरोबर १४ तुकडे पडतात, काही उरत नाही. कापडाच्या कडा आधीच दुमडून कच्ची टीप मारा नाहीतर रोज थोडी थोडी सुतं निघत राहतात. मग कापडाची चार घडी घालून मधला बिंदू काढा आणि तिथनं दर ८ चौकोनांवर उभे-आडवे कच्चे धावदोरे घाला, फिकट निळ्या शिवणाच्या दोऱ्याने, नंतर ओढून काढता येतील असे. बाकी सगळीकडे १० चौकोनांवर जाळी आखायला सांगतात, पण आपला नमुना ८ चा आहे तर जाळी पण ८ चीच ठेवा, मोजायलाच लागत नाही, नजरेने कळतं. पुसता येणाऱ्या पेनाने आखणं मला पसंत नाही, काही पेनांची शाई इस्त्रीच्या उष्णतेने कायमची बसते.

आता मुख्य गोष्ट, गवंतीचा रस्ता. कसुतीत गाठ मारत नाहीत. दोरा कोपरापासून बोटांपर्यंत, साधारण ४५ सेंटिमीटर, त्याहून लांब घेतला की गुंता होतो आणि चमक पण जाते. सुरुवातीला ३-४ इंच टोक मोकळं सोडायचं, ते परतीच्या वेळी टाक्यांच्या पोटातनं सुईने ओवून घ्यायचं. पहिला पट्टा सरळ रेघ. एक चौकोन वरून, एक खालून, करत ११२ चौकोनांच्या शेवटाला जा, वळा, आणि त्याच रेघेवरनं परत या. दोरा मधेच संपला तर त्याचं टोक तसंच ओवून नवा घ्यायचा. रेघ सरळ दिसत नाही, दात पडल्यासारखी दिसते अशी तक्रार सगळ्यांची असते. त्याला उपाय आहे. परतीच्या वेळी सुई वर काढताना आधीच्या दोऱ्याच्या वरच्या अंगाने काढायची आणि खाली घालताना खालच्या अंगाने, प्रत्येक भोकात तसंच. मग दोन्ही दोरे एकमेकांना सारखे टेकतात आणि रेघ एकजीव दिसते.

दुसरा पट्टा मुर्गीचा करा. एक टाका आडवा, एक उभा, एक आडवा, एक उभा. जाताना वरच्या बाजूला फक्त आडव्या पायऱ्या दिसतील आणि तुम्हाला वाटेल काहीतरी चुकलं, चुकलेलं नसतं. परत येताना सगळ्या उभ्या भरत जातात आणि एकेक पायरी जागेवर लागत जाते. खरं सांगते, ह्या भरतकामात सगळ्यात सुख देणारा वेळ हाच, मोजायचं नाही, विचार करायचा नाही, रस्ता आखलेला आहे, नुसतं घरी यायचं. रात्री सिरियल चालू असताना परतीच्या फेऱ्या ठेवाव्यात आणि जायच्या फेऱ्या सकाळी डोकं ताजं असताना कराव्यात, हा माझा हिशोब.

तिसऱ्या पट्ट्यापासून फांद्या सुरू होतात, म्हणजे तुळशीवृंदावनाला तुळस आली, मोराला तुरा आला. इथे कागदावर पेन्सिलीने आधी रस्ता काढायचा. एक मुख्य खोड ठरवा जे पहिल्यापासून शेवटपर्यंत जातं. खोडावरनं जाताना फांदी लागली की तिथेच फांदीत शिरायचं, टोकापर्यंत जायचं, परत खोडावर यायचं आणि पुढे चालू. फांदीला तीन टाके असोत नाहीतर सात, जाऊन येऊन आकडा समच होतो, त्यामुळे खोडावरची वर-खाली वर-खाली लय बिघडत नाही. फांदीला उपफांदी असेल तर तिलाही हाच नियम. एकदा हे डोक्यात बसलं की अख्खं गोपुर सुद्धा घाबरवत नाही, ते फक्त खूप फांद्यांचं झाड आहे.

बंद आकार आला की मात्र भलेभले फसतात. समजा दोन-दोन टाक्यांच्या चार बाजूंचा चौकोन आहे, एकूण ८ टाके. तुम्ही धावदोरा घालत गोल फिरून सुरुवातीला आलात आणि तशाच पुढे दुसऱ्या फेरीला निघालात तर सुई परत त्याच टाक्यांवर पडते आणि मोकळ्या जागा मोकळ्याच राहतात. एकूण टाके विषम असतील तर त्याच दिशेने दुसरी फेरी चालते, सम असतील तर उलटं फिरून यावं लागतं. हे लक्षात ठेवायची कटकट नको असेल तर कायम उलटंच फिरा, ते दोन्हीला लागू पडतं. आणि एका नमुन्यावरनं दुसऱ्यावर दोरा मागनं उडी मारून न्यायचा नाही, मागची बाजू पण तोंडासारखीच दाखवायची आहे ना, तिथे दोरा संपवा आणि नवीन घ्या.

(हाच गवंतीचा टाका सोळाव्या शतकात इंग्लंडच्या राजदरबारात बायकांच्या बाह्यांच्या कडांवर असायचा, काळ्या दोऱ्याने. हान्स होल्बाइन नावाच्या चित्रकाराने काढलेल्या जेन सीमोर राणीच्या चित्रात मनगटावर तसलं काम दिसतं, आणि ह्या टाक्याला इंग्रजीत त्या चित्रकाराचंच नाव पडलंय. भरणारीचं नाही, चित्र काढणाऱ्याचं.)

पट्ट्यांचा क्रम माझ्या मते असा ठेवा, वर सरळ गवंती, मग मुर्गीची नक्षी, मग आठ पाकळ्यांचं फूल, तुळशीवृंदावन, समोरासमोर दोन मोर, मग नेगीचा एक पट्टा आणि खाली गोपुर, ज्याची बाहेरची रेघ गवंतीने आणि पोट मेंथीने. मेंथी घालताना वरचा तिरका टाका सगळीकडे एकाच दिशेला गेला पाहिजे, चार टाके इकडे आणि चार तिकडे झाले की उजेडात ते लगेच वेगळे चमकतात. शेवटी नाव आणि साल, ते भरायला विसरू नका.

आता चुकण्याबद्दल, कारण चुकणार आहातच. एक चौकोन सरकतो आणि ते तिथे कळत नाही, मोराची चोच मिटायची वेळ येते तेव्हा दोन रेघा एकमेकींना भेटतच नाहीत. त्यावेळी कात्री शोधायला उठू नका. आधी बघा चूक कुठे आहे. नुसतं सुटं फूल एक घर सरकलंय आणि त्यावर पुढचं काही अवलंबून नाही तर सोडून द्या, कुणी बघायला येत नाही. पण दोन बाजू सारख्या यायच्यात किंवा पुढचा पट्टा त्यावरून मोजायचाय, तर उसवा, आणि आजच उसवा. तिथल्या तिथे एखादा टाका वाढवून जुळवायचा मोह होतो, तो करू नका, पुढच्या प्रत्येक नमुन्यात तो एक चौकोन तुमच्या मागे लागतो. उसवताना सुईचा मागचा भाग वापरा, दोरा फेकून द्या, तो परत वापरला की कुसळ निघालेलं दिसतं. पांढऱ्या कापडावरनं काळा किंवा लाल दोरा उसवला की बारीक तंतू राहतात, ते चिकटपट्टी हलकी दाबून उचलायचे. आणि प्रत्येक पट्टा संपला की दोन्ही टोकांकडनं मधल्या जाळीपर्यंत मोजून बघा, ५६-५६ आलं तर आनंद साजरा करा.

बाकी बारीकसारीक. दोऱ्याला पीळ बसला की सुई लोंबकळत सोडा, आपोआप सुटतो. उठताना रिंग काढून ठेवा नाहीतर गोल वळ राहतो. सुई कापडात खोचून ठेवू नका, आपल्याकडे पावसाळ्यात एका आठवड्यात गंजाचा डाग पडू शकतो. डोक्याला तेल लावून, पोळ्या करून, हळदीच्या हाताने अजिबात बसायचं नाही. आणि पुढे कधी काळ्या इरकलीवर गेलातच तर मांडीवर पांढरा टॉवेल पसरा, भोकं एकदम दिसायला लागतात. शिवाय साडीला मॅटीसारखे चौकोन नसतात, म्हणून तिच्यावर आधी जाळीचं कॅनव्हास कच्चं टाचून त्यावरून भरतात आणि मग कॅनव्हासची सुतं एकेक ओढून काढतात. हुबळी-धारवाडकडच्या मुरलेल्या बायका थेट साडीची सुतं मोजून भरतात, त्यांच्याशी आपण स्पर्धा करायची नाही.

झालं की कच्ची जाळी काढा, कोमट पाण्यात सौम्य साबणाने बुडवून काढा, चोळू नका, पिळू नका. लाल रंग सुटला तर घाबरून वाळत घालू नका, ओलं असतानाच थंड पाण्यात ठेवून पाणी बदलत राहा, वाळला की डाग पक्का होतो. मग टॉवेलवर उपडं ठेवून मागनं इस्त्री. फ्रेम करायची तर दोन काचांमध्ये करून घ्या म्हणजे गवंतीची मागची बाजू पण दिसेल, खर्च जास्त आहे पण एवढी मेहनत करून अर्धं काम भिंतीकडे तोंड करून ठेवायचं का. तेवढं नको असेल तर वर-खाली नेफा शिवून काठी घाला आणि टांगा. फ्रेमवाल्याकडे देणार असाल तर कापड पुठ्ठ्यावर मागनं दोऱ्याने ताणून बसवायला सांगा, आणि काम चालू असताना तिथेच उभ्या राहा, कारण घाईत असला की तो गोंद लावून मोकळा होतो.