दात पडल्यावर इम्प्लांटचा विचार कसा करावा
दात पडला की त्याखालचे जबड्याचे हाड, चावण्याचा दाब न मिळाल्यामुळे, हळूहळू झिजू लागते. म्हणून निर्णय फार लांबवू नये. ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसणारा कृत्रिम दात, बसवताना सहसा शेजारचे धडधाकट दात घासून लहान करावे लागतात, तर इम्प्लांटमध्ये टायटॅनियमचा छोटा स्क्रू थेट हाडात बसवला जात असल्याने त्या दातांना हात लावावा लागत नाही, आणि माझ्या मते हाच त्याचा सर्वांत मोठा फायदा आहे. स्क्रूभोवती हाड घट्ट धरण्यास साधारण ३ ते ६ महिने लागतात. मधुमेह किंवा धूम्रपानाची सवय असल्यास डॉक्टरांना आधीच स्पष्ट सांगावे. इम्प्लांटला कीड लागत नाही, परंतु हिरडी सुजू शकते. त्यामुळे कॅपच्या, म्हणजे स्क्रूवर बसवलेल्या कृत्रिम दाताच्या, कडेला, जिथे अन्नकण अडकतात, तिथे रोज बारीक ब्रश फिरवावा.