आयाळीच्या वेण्या स्पर्धेपर्यंत टिकत नाहीत? किनारपट्टीवर या चुका टाळा

अलिबाग, नागाव, किहीम ते मुरूड या पट्ट्यात हौसेने घोडे पाळणारी मंडळी आहेत आणि थंडी पडू लागली की त्यांची मुंबई-पुण्याच्या स्पर्धांची तयारी सुरू होते. नाल वेळेवर बसवले जातात, खोगिराला पॉलिश होतं, खरारा रोजचा रोज होतो. वेण्या मात्र शेवटच्या रात्रीवर ढकलल्या जातात. मग रिंगणात उतरताना तीन वेण्या सुटलेल्या, दोन वाकड्या, आणि घोडा मान झटकतोय असं चित्र दिसतं. वर्षभर मेहनत घेतलेल्या जनावराचं असं झालेलं पाहवत नाही.

वेणी घालायला मोतद्दाराला बहुतेक वेळा येत असतं. तीन पेड घ्यायचे, विणत जायचं, टोक वर दुमडून बांधायचं. बिघाड होतो तो आधीच्या आठवड्यात आणि आदल्या रात्री. त्यात आपल्याकडची खारी, दमट हवा. परदेशी व्हिडिओंत दाखवतात ते इथे जसंच्या तसं चालत नाही.

धुण्याची वेळ

सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी शाम्पू, वर कंडिशनर. केस रेशमासारखे मऊ होतात आणि बोटांतून निसटतात. पहिले दोन वेढेच सैल पडले की खालची वेणी कितीही नेटकी असली तरी तासाभरात लोंबू लागते. आयाळ दोन दिवस आधी धुवा, म्हणजे केसांना पुन्हा थोडी पकड येते. कंडिशनर आणि चकाकीचा स्प्रे शेपटीला खुशाल लावा, आयाळीला नको.

किनाऱ्यालगतच्या बऱ्याच विहिरी आणि बोअरचं पाणी मचूळ असतं. त्याने धुतलेले केस ताठ होतात आणि काळ्या आयाळीवर पांढुरका थर दिसतो. निदान शेवटचं पाणी गोडं घ्या. घोड्याला समुद्रात न्यायची सवय असेल तर त्या आठवड्यात पाय भिजतील एवढ्याच पाण्यात न्या. मान भिजलीच तर घरी येऊन गोड्या पाण्याने मुळांपर्यंत धुवा. कारण केसांत राहिलेलं मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, पावसाळ्यात डब्यातलं मीठ पाझरतं तसंच. सकाळी घट्ट वाटलेली वेणी दमट हवेत फुगते आणि पुण्याच्या कोरड्या हवेत गेली की ढिली पडते.

शाम्पूऐवजी रिठ्याचं पाणी वापरलं तरी चालतं, केसांना पकडही चांगली येते. फक्त ते डोळ्यांत गेलं तर भयंकर झोंबतं. कपाळावरची बट धुताना घोड्याचं डोकं दुसऱ्या कुणाला तरी धरायला सांगा आणि ओला फडका फिरवूनच काम भागवा.

आता खोबरेल. आपल्याकडे केस म्हटले की हात आधी तेलाच्या बाटलीकडे जातो, आणि एरवी ते बरोबरही आहे. खाऱ्या वाऱ्याने रखरखीत झालेल्या टोकांना तेलाने आराम पडतो. पण स्पर्धेच्या आठवडाभर आधी ते बंद करायला हवं. तेलकट केसांवर पेड धरत नाहीत आणि वाटेतली सगळी धूळ वेणीवर बसते. शिवाय खोबरेल साधारण 24 अंशांच्या खाली थिजतं. डिसेंबरात पुण्याच्या मैदानावर पहाटे पाच वाजता काळ्या आयाळीत पांढरे कण चमकायला लागले तर परीक्षक ते कोंडाच समजणार.

कात्रीची घाई

छोट्या गोल गाठींच्या वेण्या घालायच्या तर आयाळ साधारण 10 ते 12 सेंटिमीटर लांब आणि सगळीकडे सारख्या दाटीची हवी. मानेच्या मध्यावर केस दाट असतात, खांद्याकडे विरळ. ते सारखे करायला सरळ कात्री चालवली की टोकं बोथट होतात आणि प्रत्येक वेणीतून बाहेर डोकावतात. त्याऐवजी खालच्या बाजूचे लांब केस, एका वेळी मोजकेच, फणीला गुंडाळून ओढून काढायचे. फिरवून आणल्यावर अंग गरम असताना ते सहज निघतात. रोज थोडे केले तर आठवड्यात आयाळ एकसारखी होते. काही घोड्यांना हे अजिबात खपत नाही, आणि त्यांच्याशी झटापट करण्यात शहाणपणा नाही. त्यांच्यासाठी पात्याची विरळणी फणी घ्या.

सारंगखेड्याच्या यात्रेतून किंवा थेट राजस्थानातून आणलेला मारवाडी, तसाच काठियावाडी, यांच्या आयाळीला कृपया हात लावू नका. ती लांब आयाळ हीच त्यांची शोभा, आणि कापलेली वाढायला फार काळ जातो. त्यांना मानेच्या कडेने धावती वेणी घाला: कानामागून सुरुवात करायची, पुढे जाताना प्रत्येक वेढ्यात नवी बट उचलत खांद्यापर्यंत यायचं. तिचा पहिला वेढा कानाच्या फार जवळ घेऊ नका. आत वळलेले हे कान सतत फिरत असतात, आणि केस ताणले गेले की घोडा डोकं हलवत राहतो. जातिवंत घोड्यांच्या गटात उतरवणार असाल तर आयाळ मोकळी हवी की बांधलेली, हे आयोजकांना आधीच विचारून घ्या.

घट्ट म्हणजे पक्की नव्हे

वेणी सुटू नये म्हणून ती करकचून आवळणं, ही चूक घोड्याला सर्वांत जास्त भोगावी लागते. प्रत्येक वेणीच्या मुळाशी वाकून बघा. कातडी ओढली जाऊन बारीक उंचवटा आलाय का? मुळाशी केस ताठ उभे राहिलेत का? तसं असेल तर ती वेणी उसवा आणि पुन्हा घाला, कितीही उशीर झालेला असो. मग मूठभर हिरवा चारा जमिनीलगत धरा. घोड्याने मान सहज खाली नेली तर ठीक. अर्ध्यावर थांबला, किंवा तोंड खाली नेऊन लगेच झटका दिला, तर वेण्या त्याला काचताहेत.

हा केवळ दयेचा प्रश्न नाही. ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेत, मोकळ्या चालीत घोड्याने मान पुढे आणि खाली सैल सोडणं अपेक्षित असतं. उडी मारताना तो मानेची कमान करूनच तोल सांभाळतो. मान आखडलेला घोडा या दोन्ही ठिकाणी मागे पडतो, आणि स्वाराला वाटतं आज घोड्याचा मूडच नाही.

हाताची दिशा बदलली की निम्मं काम होतं. विणताना पेड वर किंवा आपल्याकडे ओढायचे नाहीत, खाली आणि मानेलगत ओढायचे. त्यासाठी तुमचा हात मानेच्या वर हवा, म्हणून भक्कम स्टुलावर उभे राहा. बादली उलटी घालून त्यावर उभं राहणं दिसायला सोपं आहे, पण घोडा दचकला तर माणूस थेट त्याच्या पायांत. पहिले दोन-तीन वेढे बोटांना जाणवतील इतके पक्के, पुढचे सारख्या ताणाचे. दोन तृतीयांश वेणी झाली की दुमडलेला दोरा पेडांत मिसळून घ्या, म्हणजे टोक बांधताना वेगळी गाठ लागत नाही. भाग सारखे पाडण्यासाठी फणीवरच दोन ठिकाणी लोकर बांधून माप ठरवा. एकदा हे माप केलं की डोळ्यांच्या अंदाजावर राहायची गरज उरत नाही. केस स्पंजने किंचित ओलसर करा, निथळते नकोत. ओलेचिंब केस विणले तर सुकल्यावर वेणी सैल पडते.

रबर, दोरा, सुई

छोटी रबरं झटपट लागतात, पण खाऱ्या हवेत आणि उष्म्यात ती लवकर कुजतात. मागच्या वर्षीचं पाकीट उघडलं तर ताणताक्षणी तुटतील. दर मोसमाला नवीन घ्या. खरा भरवसा आयाळीच्या रंगाच्या लोकरीवर किंवा मेण लावलेल्या सुती दोऱ्यावर. जाळ्याचा नायलॉन आपल्याकडे हाताशी असतो म्हणून तो वापरायचा मोह होतो. त्याची गाठ घसरते आणि तो केस कापतो.

शिवून बांधायचं असेल तर बोथट टोकाची जाड सुई, आणि ती एकच बाहेर काढायची. हातातली सुई भाताच्या पेंढ्यात पडली तर काम तिथेच थांबवा, घोडा बाहेर काढा, लोहचुंबक फिरवून सुई मिळेपर्यंत त्याला आत नेऊ नका. ती खुरात किंवा तोंडात जाऊ शकते. क्रोशाच्या हुकाने लोकर ओवून वेणी वर घेतली तर सुईची गरजच पडत नाही.

आदली रात्र

रात्री वेण्या घालून ठेवल्या की सकाळी निवांत, हा हिशेब किनाऱ्यावर फसतो. घोडा पेंढ्यात लोळतो, गव्हाणीला मान घासतो. संध्याकाळी चिलटं चावलेली असतील तर खाज दुप्पट. लायक्राची टोपडी घालून वेण्या झाकतात, पण आपल्या उकाड्यात आत घाम साचतो आणि खाज आणखी वाढते. जमेल तिथे पहाटे उठूनच वेण्या घाला. सरावलेल्या हाताला तासभर लागतो, नवख्याला दोन तास धरा. नाइलाजच असेल तर रात्री फक्त लांब, सैलसर वेण्या घाला आणि दुमडून बांधायचं काम सकाळी करा. वेण्या मोडतील म्हणून घोड्याला रात्रभर आखूड दोरीने बांधून ठेवणं मात्र क्रूरपणा आहे.

प्रवासाचंही तसंच. वडखळ, पेण, पनवेल करत ट्रक मुंबईत पोहोचेपर्यंत वारा आणि धूळ वेण्यांची वाट लावतात. पोहोचल्यावरच घाला.

मैदानावर

एखादी वेणी ऐनवेळी सुटली तर तेवढीच बांधा, शेजारच्या सोडू नका. वर उभे राहिलेले बारीक केस कात्रीने उडवायचे नाहीत. ते नवीन उगवलेले असतात, कापले तर पुढच्या महिन्यात खुंटांसारखे उभे राहतील आणि कुठल्याच वेणीत बसणार नाहीत. तळहाताला थोडं जेल लावून दाबून बसवा. झेंडू, अबोली, रिबिनी वरातीच्या घोड्याला शोभतात. एफईआयच्या (आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या) ड्रेसाज नियमांत वेण्यांना परवानगी आहे, फुलं-रिबिनींना नाही. आणि नटवण्याच्या भरात तोंडावरच्या मिशा कापू नका. घोडा त्यांनीच जवळच्या गोष्टी चाचपतो, आणि 2021 पासून एफईआयच्या स्पर्धांत त्या कापलेला घोडा चालत नाही.

सोडताना

बक्षीस मिळो न मिळो, वेण्या त्याच दिवशी सोडा. ब्लेडने नको. शिवण उसवायचा छोटा काटा शिलाईच्या दुकानात स्वस्तात मिळतो. त्याचं टोक मानेपासून बाहेर ठेवून फक्त दोरा कापा, पेड बोटांनी मोकळे करा. लगेच फणी घातली तर गुंत्यासकट केस तुटतात. आधी गोड्या पाण्याने भिजवा, सुकू द्या, मग टोकांकडून मुळांकडे विंचरत या. विंचरताना मानेच्या कडेवरून बोटं फिरवत कातडी नीट चाचपा. खपल्या, सूज किंवा ओलसर चट्टे लागले तर घरगुती तेलं चोळत बसू नका, पशुवैद्यांना दाखवा, आणि ती जागा पूर्ण बरी होईपर्यंत आयाळ मोकळीच ठेवा, मधे एखादी स्पर्धा आली तरी.