टाइमशेअरचे पॉइंट भाड्याने देताना भाव कसा काढायचा

अमेरिकेत टाइमशेअर (रिसॉर्टमध्ये दरवर्षी ठरावीक दिवस राहण्याचा विकत घेतलेला हक्क) घेतलेले आपले बरेच जण उरलेले पॉइंट (दरवर्षी मिळतात, त्यावर तिथल्या रात्री बुक होतात) अंदाजपंचे भावाने देऊन टाकतात आणि मग मेंटेनन्सपण निघत नाही. आधी हे करा:

१. वर्षाची मेंटेनन्स फी भागिले वर्षाचे पॉइंट. १४४० डॉलर, १६० पॉइंट म्हणजे पॉइंटला ९ डॉलर, याच्या खाली उतरायचं नाही (पॉइंट एक्स्पायर व्हायला आले असतील तर मात्र मिळेल ते घ्या).

२. तीच रूम, त्याच तारखा, रिसॉर्टच्या साइटवरचा भाव टॅक्ससकट बघा आणि त्या रात्रींना लागणाऱ्या पॉइंटांनी भागा. पॉइंटला १८ डॉलर आला तर मी १३ सांगते, कारण समोरच्याला सहसा कॅन्सल करता येत नाही, तर तेवढा फरक त्याला दिसायलाच हवा ना.

भाड्याने द्यायला परवानगी आहे का, किती वेळा, हे करारात आधी नीट वाचा.